हिरव्या गावातली वस्ती

दीपा आमच्या वस्तीतली कॉम्प्युटर शिकलेली पहिली पोरगी. नगरला एका खासगी ऑफिसात ती नकाशे करायची. टेबलावर गावाचा कागदी नकाशा चिकटवायचा, त्याच्या शिवेवरून माऊससारखं यंत्र फिरवायचं, की गावाचा आकार कॉम्प्युटरात उतरतो. त्या फायलीला शेपफाईल म्हणतात, हे आम्हालाही पाठ झालं होतं. तिची आई बनुबाई खर्ड्याच्या बाजारात भेटेल त्याला ते ऐकवायची.

अठ्ठ्याण्णव साली पाणीटंचाईच्या सरकारी नकाशाचं काम दीपाकडे आलं. एका गावाला एक आकार, एका आकाराला एकच रंग. पाणी नसलेलं गाव लाल, असलेलं हिरवं. गावच्या विहिरीला पाणी होतं, म्हणून आमचं गाव हिरवं झालं. ओढ्याच्या अलीकडे आमची वस्ती, तिथला हापसा होळीलाच कोरडा पडलेला. पण वस्तीला वेगळी शीव नाही, मग वेगळा आकार कुठला?

दीपानं हिरव्यात एक लाल ठिपका दिला. तिचे साहेब, राधाकृष्ण सर, म्हणाले, "हे काय? बैठकीत नकाशा स्वच्छ दिसला पाहिजे. काढ ते." तिनं काढला. सर मनानं वाईट नव्हते असं ती अजून म्हणते. मला नाही तसं म्हणवत.

चौदा एप्रिलला, जयंतीला, आम्ही तिला शाल दिली आणि तोच नकाशा फ्रेम करून विहारात लावला. ठिपक्याचं ती कुणालाच बोलली नाही. गळ्यात हार असताना काय बोलणार?

दरवर्षी उन्हाळ्यात वस्तीवर टँकर यायचा. त्या वर्षी आला नाही. आम्ही तहसील कचेरीत गेलो, तर तिथल्या साहेबानं तोच नकाशा पुढ्यात सरकवला. "तुमचं गाव हिरवं आहे. टँकर कशाला?" आम्ही तोंडात मारल्यासारखे परत आलो.

राहिली गावची विहीर. तिथं आमच्या बायकांना दोर सोडू देत नाहीत, अजूनही. बाजूला उभं राहायचं, कुणाच्या मनात आलं तर ती वरून पोहरा ओतणार. टँकर सुरू झाल्यापासून बनुबाईची यातून सुटका झाली होती. आता ती पुन्हा तिथं जाऊन उभी राहू लागली, दुपारच्या उन्हात. लाज गावाला वाटायला हवी होती, पण वाटायची ती बनुबाईलाच.

मे महिन्यात दीपा सुट्टीवर आली. आईच्या डोक्यावरचा हंडा काढून घेत म्हणाली, "तू बस. मी जाते."

विहिरीवर गावातली बायडाबाई पाणी शेंदत होती. तिनं दीपाला खालवर पाहिलं.

"तूच ना गं ती नकाशावाली? हितं पानी हाय, असं तूच सांगितलंस म्हनं सरकारला. लई ब्येस केलंस. आता थांब जरा, आमचं हुऊ दे."

बाकीच्या बायका हसल्या. दीपानं हंडा खाली ठेवला आणि तिची आई उभी राहायची तिथंच जाऊन उभी राहिली.