यादीतलं शेवटचं घर

मडमबाई नमस्काराच्या आधी माणसाची नडगी दाबून बघत. कोणी दारात आलं की त्याला बाकावर बसवायचं, धोतर किंवा लुगडं जरा वर घ्यायला लावायचं आणि अंगठ्याने हाडावर दाबायचं. खळगा लगेच भरला तर चहा. राहिला तर रक्त तपासायला जळगाव जामोदला रवानगी. आमचं गाव पूर्णेच्या बाजूच्या खारपाणपट्ट्यात आहे. विहिरीच्या पाण्यात डाळ शिजत नाही, आणि किडनीने माणूस गेला नाही असं घर शोधावं लागतं. "दुखत नाही तवाच ये माय," त्या बायांना सांगत. "दुखाले लागल्यावर मी काय करू?"

त्या त्यांच्या देशात नर्स होत्या, त्यांचे यजमान, आमचे साहेब, नळकाम करत. दोघं निवृत्त झाले, आम्हाला कुठेही पाठवा असं मिशनला म्हणाले, आणि चौसष्टाव्या वर्षी दोन वर्षांच्या बोलीवर इथे आले. राहिले सोळा वर्षं. घर विकूनच आले होते, त्यामुळे मागे काही नव्हतं. बाहेरचे लोक मला अजून विचारतात, त्यांनी किती जणांना बाटवलं? एकालाही नाही. रविवारी साहेब ओसरीवर प्रार्थना म्हणत, तेव्हा चार-पाच म्हातारे येऊन बसत आणि चहा झाला की उठत. साहेबांना ते कळत होतं. चहा प्रार्थनेनंतरच ठेवा, एवढंच ते सांगत.

माझं काम वहीचं. पाणी गोडं करायची मशिनं मिशनकडून येत, एका खेपेला चार, कधी दोनच. कोणाकडे कोणत्या क्रमाने लावायची, कोणाचं फिल्टर कधी बदलायचं, ते मी लिहायची. पहिल्याच दिवशी साहेबांनी स्वतःचं नाव सगळ्यांत शेवटी लिहायला सांगितलं. गाव जे पाणी पितं तेच आपण प्यायचं, सगळ्यांचं झालं की आपलं. मी म्हटलं, तुम्हीच आजारी पडलात तर मशिनं कोण लावेल?

"आधी लिही," ते म्हणाले, "मंग भांड."

ती यादी पाच-सहा वर्षांत संपायला हवी होती. पण आमच्याकडे भाऊ वेगळे होतात. चूल वेगळी झाली की घर वेगळं, आणि नवं घर साहेबांच्या नावाच्या वर लिहायचं. काही जण तर मशिनसाठीच वेगळे झाले. आमच्या आळीतले सुखदेवआबा एकदा सकाळीच आले आणि पोराला वेगळं काढलं म्हणाले. साहेब लहानथोर सगळ्यांना 'बे' म्हणत. कोणी मनावर घेत नसे.

"काल तर एका ताटात जेवत होते बे तुम्ही."

"काल जेवत होतो सायेब. आज भांडलो."

"काऊन भांडले?"

"मशीनवरून."

साहेबांनी मला डोळ्यांनी खूण केली आणि मी नाव लिहिलं. असा साहेबांचा नंबर तीनदा अगदी जवळ आला आणि तीनदा मागे गेला. एका रेघेने मला तो वर घेता आला असता. घेतला नाही. यादी म्हणजे यादी, असं मी तेव्हा मानत होते.

दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात मडमबाईंनी चपलेचा पट्टा दोन भोकं सैल केला. मी विचारलं तर उन्हाने पाय सुजतात म्हणाल्या. पुढच्या आठवड्यात तपासणीच्या तारखा उतरवून घ्यायला मी त्यांची रोग्यांची वही उघडली. शेवटच्या पानावर, त्यांच्याच अक्षरात, त्यांचं नाव होतं. समोर रक्ताच्या तीन रिपोर्टचे आकडे, प्रत्येक आधीच्यापेक्षा वाढलेला. साहेबांना त्यांनी सांगितलं नव्हतं. मी सांगितलं.

त्या खेपेतलं एक मशीन बाकी होतं, ते घेऊन साहेब स्वतःच्या स्वयंपाकघरात गेले आणि भिंतीला भोक पाडायला लागले. ड्रिलचा आवाज ऐकून बाई आल्या. आधी त्यांच्या भाषेत काही म्हणाल्या, मग मलाही कळावं म्हणून आमच्या भाषेत बोलल्या. "आता कशाले? गेलेली किडनी गोड्या पाण्यानं परत येत नाही. मारोतीच्या सुनेले पाचवा महिना आहे. तिच्याकडं लाव."

"मी तुले हे पाणी पाजलं," साहेब म्हणाले.

"मी पिलं," बाई म्हणाल्या.

साहेबांनी मशीन उचललं आणि ते मारोतीच्या घरी गेले. मी मागून गेले, कारण वहीत नोंद करायची होती. एक नट बसवायला त्यांना अर्धा तास लागला. बाईंना हे पाण्यानेच झालं का, असं डॉक्टरांना मी नंतर विचारलं. ते म्हणाले, वय आहे, पाणी आहे, नक्की कशाने ते सांगता येणार नाही.

डायलिसिससाठी आठवड्यातून दोनदा जीपने दीड तास जायचं आणि दीड तास यायचं. दोन महिने त्यांनी ते केलं. मग मिशनने दोघांना परत बोलावलं. निघताना जीपभोवती सगळं गाव होतं. मडमबाईंनी मला जवळ बोलावलं. वाटलं, काही निरोपाचं बोलतील. "आमचं नाव खोड," त्या म्हणाल्या. "जागा रिकामी ठेवू नको."

मी खोडलं. चार महिन्यांनी त्या तिकडेच गेल्या.

नवी मशिनं येणं बंद झालं, कारण ती लावणारा माणूस इथे नाही. जुन्यांची फिल्टरं वर्ष-दीड वर्षात चोंदतात आणि बदलायला कोणी नाही. एकेक मशीन बंद पडत गेलं. आता बाया त्यांच्यावर डबे ठेवतात. साहेब तिकडे म्हाताऱ्यांच्या आश्रमात आहेत. ते दर रविवारी फोन करायचे आणि घराघराची चौकशी करायचे. मी वही उघडून सांगायची. सुरुवातीला खरं सांगितलं, मग मशीन बंद पडलेल्या घरांनाही 'चालू' म्हणायला लागले.

एका रविवारी त्यांनी सगळी घरं विचारून झाल्यावर माझं विचारलं. "तुह्या घरचं?"

ते मला खोटं सांगता येईना. बंद आहे म्हटलं. कधीपासून, तर दिवाळीपासून.

"मंग तू काय पितेस?"

"विहिरीचं."

त्यांनी फोन ठेवला.

त्यानंतर चार रविवार गेले. त्यांचा फोन आलेला नाही, आणि मीही केलेला नाही.