आयेच्या पानातला बांगडा

आमच्या घरात काही घडलं की ते जामसंड्याच्या बाजारात पोचायला अर्धा दिवससुद्धा लागत नाही. नवऱ्याने गाडीचे टायर बदलले तरी दुसऱ्या दिवशी मासेवाली मला विचारते, नवे काय गो? ही एक गोष्ट मात्र कुठेच पोचलेली नाही, कारण ती माझ्याशिवाय कोणाला माहीतच नाही. नवऱ्याला नाही, मुलीला नाही. देवासमोर तर मी उलटंच बोलले – पण ते पुढे येईल. तुम्हाला सांगायला बसले आहे खरी, आणि आता कुठून सुरू करावं ते कळत नाही. कर्जापासून करते. ते सांगायला सोपं आहे.

मिठबावला आमचं घर. नवरा, सुरेश, प्रवासी गाडी चालवतो. मी जामसंड्यात एका दुकानात शिवणकाम करते, घरीही मशीन आहे. मुलगी मयुरी कॉलेजात जाते. आणि आये – म्हणजे माझी सासू. चार माणसं, बरं चाललं होतं. मग पर्यटक येतील म्हणून आम्ही घरामागे दोन खोल्या बांधल्या. टाइल्स, गिझर, खिडकीला पडदे – पडदे मीच शिवले. पर्यटक आले, नाही असं नाही, पण ते समुद्र दिसणाऱ्या घरांत उतरले. आमच्या खिडकीतून शेजाऱ्यांचा गोठा दिसतो. गोठा बघायला पुण्याहून कोण येणार?

खोल्यांसाठी काढलेलं पतसंस्थेचं कर्ज माझ्या नावावर होतं. सुरेशचा हात सैल. कोणी दोन गोड शब्द बोललं की हा खिशात हात घालतो, म्हणून आयेनेच तेव्हा सांगितलं होतं, कागद सुनेच्या नावावर करा. हप्ते थकायला लागले. वाण्याने उधार द्यायचं बंद केलं. माझ्या पाटल्या गेल्या. तेव्हा एका रविवारी मी सगळ्यांना खळ्यात, पुढच्या अंगणात, बसवलं आणि सांगितलं, आजपासून ज्याच्या हातात जे येईल ते माझ्या हातात द्यायचं, आणि ज्याला जे लागेल ते माझ्याकडे मागायचं. मासे आठवड्यातून दोनदाच, बुधवारी आणि रविवारी. शिवाय कर्ज फिटेपर्यंत प्रत्येकाने स्वतःची एक आवडती गोष्ट सोडायची.

सुरेशने नाक्यावरची संध्याकाळची बैठक सोडली, म्हणजे चहा, भजी आणि मित्रांची बिलं. मयुरीने कॉलेजची सहल सोडली. मी नवी साडी सोडली, जी तशीही कोणी घेऊन देत नव्हतं. राहिली होती आये. शेवटी म्हणाली, “कर्ज फिटापर्यंत माका वशाट नको.”

आम्हाला हसू आलं. आये आणि मासे सोडणार? सकाळी मासेवालीची हाक यायच्या आधी हिला वास यायचा. बांगड्याचं तिखलं, तिरफळं घालून केलेलं तिखट कालवण, हे तिचं दैवत. सुरेश म्हणाला, “आये, तुझो एक बांगडो तो केवढ्याचो! तेना काय कर्ज फिटतला?”

आये म्हणाली, “तुझ्या पानात बांगडो पडलो काय तुका माझा पान दिसात. तेवढा पुरे.”

आमच्याकडे असं नुसतं बोलून सोडलेलं कोणी खरं मानत नाही. दुसऱ्या दिवशी ती नारळ घेऊन देवळात गेली आणि गुरवाकडून देवाला गाऱ्हाणं घातलं – लेकराच्या घरावरचं कर्ज उतरेपर्यंत मी मासे खाणार नाही, उतरलं की तुझ्यासमोर येऊन सोडवून घेईन. एकदा गाऱ्हाणं घातलं की सुटका दोनच वाटांनी, शब्द पुरा होणं किंवा माणूस जाणं. मधली वाट नाही.

ती खरंच खात नव्हती हो. दोन वर्षांहून जास्त. बुधवारी आम्ही तिखलं-भात जेवायचो आणि ती भिंतीकडच्या पाटावर सोलकढी, भात, लोणचं. तक्रार नाही. फक्त मी फोडणी करताना ती चुलीजवळ येऊन उभी राहायची, उगाच. “तिरफळां ठेचून घाल गो,” एवढंच म्हणायची. वास घ्यायला येते हे मला कळत होतं. मी कळत नसल्यासारखी तवा हलवायची.

आणि तिचं म्हणणं खरं ठरलं. सुरेशच्या पानात मासा पडला की त्याची नजर तिच्या पानाकडे जायची. नाक्यावर तो परत गेला नाही. भाडं मारून आला की पैसे काढून सरळ माझ्या हातात. कर्ज फिटलं ते माझ्या टाचणी-टाचणी जपण्याने, असं गावात म्हणतात. तुम्हाला सांगते, अर्धं तरी आयेच्या रिकाम्या पानाने फिटलं.

आता पुढचं. मी मघापासून टाळते आहे, ते.

हप्ते शिमग्याच्या आधी संपायचे होते. ते सगळ्यांना पाठ होतं, मयुरीने कॅलेंडरवर खूणच केली होती. पण त्या वर्षी मला शाळेच्या गणवेशांचं मोठं काम मिळालं. रात्रंदिवस मशीन चालवली, आणि नारळी पौर्णिमेच्या पुढच्या आठवड्यात मी पतसंस्थेत गेले. तिथल्या कारकुनाने सांगितलं, राहिलेलं एकदम भरलंत तर व्याजात सूट मिळेल. मी भरलं. त्याने ना हरकत दाखला दिला, हसून म्हणाला, वहिनी, आता पेढे आणा. मी पदराने डोळे पुसले आणि बाहेर आले. बंद झालेली मच्छीमारी नुकतीच सुरू झाली होती. बाजारात बांगडे आले होते, ताजे, कडक. मी त्यांच्यासमोर उभी राहिले – हे मला स्पष्ट आठवतं – आणि मनात म्हटलं, आज नको. घेतले नाहीत. दाखला घरी येऊन मशीनच्या खणात, बॉबिनच्या डब्याखाली ठेवला.

का?

तेव्हा मी स्वतःला सांगितलं, थोडे पैसे गाठीला जमू देत. सुरेशला कळलं तर पुन्हा हात सैल होईल. हप्त्याच्या नावाने आणखी सहा-सात महिने पैसे येत राहिले तर बिघडलं कुठे? चांगलं कारण होतं. ऐकलंत तर तुम्हीही मान हलवाल. पण कारण ते नव्हतं.

लग्न होऊन आले तेव्हापासून त्या घरात मला काही विचारलं जात नव्हतं. वाईट वागवलं असं नाही, विचारलं जात नव्हतं, एवढंच. खोल्या बांधायचं ठरलं तेही मला कर्जाच्या कागदावर सही मागितली तेव्हा कळलं; पुढे माझ्याकडे आलं ते फक्त पडद्यांचं कापड बघणं. आणि कर्ज आलं तसं सगळं फिरलं. रविवारी सगळे माझ्यासमोर बसायचे. सुरेश पैसे देऊन वर विचारायचा, गाडीत तेल घालायला किती नेऊ? आये, जिला मी वीस वर्षं विचारून भाजी चिरत आले, ती म्हणायची, “सुने, खावच्या पानाक पाच रुपये गावतीत?” आणि मी थोडी थांबायची. मुद्दाम थांबायची. विचार केल्यासारखं करून मग द्यायची. त्या थांबण्यात मला जे वाटायचं ते मी सोडायला तयार नव्हते. कर्ज संपलं असतं तर मी पुन्हा पडद्यांचं कापड बघणारी झाले असते. असं मला वाटलं. खरं होतं का ते? कोण जाणे. मी ते बघायला थांबलेच नाही.

त्या पावसाळ्यानंतर बांगडा इतका आला की काही विचारू नका. स्वस्त झाला, गल्लीतल्या मांजरांनी तोंड फिरवलं. दर बुधवारी मी तिखलं केलं. दर बुधवारी आये चुलीपाशी येऊन उभी राहिली, मी तवा हलवला, आणि ती भिंतीकडे जाऊन लोणचं-भात जेवली. मला माहीत होतं की तिचं गाऱ्हाणं पुरं झालं आहे. एक शब्द बोलले असते तर तिच्या पानात त्याच दिवशी बांगडा पडला असता. मी मनाशी म्हणायची, कुठे पळून जाते आये? शिमगा काय लांब आहे?

संक्रांतीच्या आधी सकाळी दात घासताना ती पडली. अर्धांगाचा झटका आला होता. जिवावरचं हातावर निभावलं, हात चालायला लागला, बोलणं थोडं अडखळतं पण कळतं. दवाखान्याचा खर्च मी केला, त्या बाजूला ठेवलेल्या हप्त्यांतून. शिवणाचे साठवलेले, असं सांगितलं. सुरेशने सगळ्यांसमोर सांगितलं, हिच्यामुळे माझी आये वाचली. नातेवाईक माझ्याकडे बघायला लागले. मी मान खाली घातली तर त्यांना तो माझा मोठेपणा वाटला. तुम्हाला वाटेल, बघा, लपवलेले पैसे उपयोगीच पडले. नका म्हणू. पैसे त्या कामासाठी ठेवलेच नव्हते.

घरी सोडताना डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, यांना वास आणि चव कळत नाहीये, कधी कधी जाते अशी, परत येईलच असं सांगता येत नाही. जेवणाचं तेवढं बघा. हे त्यांनी फक्त मला सांगितलं. आणि मी तेही कोणाला सांगितलं नाही. एका लपवण्यावर दुसरं लपवणं सोपं जातं. तरीसुद्धा मी दाखला बाहेर काढला नाही – तारीख होती ना त्याच्यावर. शिमग्याच्या आधीची ती खूण येईपर्यंत थांबले आणि मग रविवारी जाहीर केलं, कर्ज फिटलं. कागद कोणी मागितला नाही. माझ्याकडे कागद मागायची कोणाची हिंमत होती आता?

सुरेश रडला. मयुरी नाचली. आयेला आम्ही गाडीतून देवळात नेलं. ती सुरेशचा खांदा धरून उभी राहिली आणि गुरवाने गाऱ्हाणं घातलं, “बा देवा म्हाराजा, ह्या लेकराच्या घरावरचो कर्जाचो भार आज उतरलो हा. म्हातारेन तुका दिलेलो शबुद पुरो झालो हा. तो मान्य करून घे.”

सगळे म्हणाले, “व्हय म्हाराजा!”

मीही म्हणाले. मोठ्याने म्हणाले. आज उतरला म्हणे!

त्या दुपारी मी आयुष्यातलं सगळ्यात चांगलं तिखलं केलं. आये चुलीपाशी आली नाही. मला वाटलं चालवत नसेल. सुरेशने तिला स्वतःच्या शेजारी बसवलं, आम्ही सगळे तिच्या तोंडाकडे बघत होतो. तिने पहिला घास घेतला, हळूहळू चावला, थांबली. पुन्हा एक घेतला. मग सुरेशला म्हणाली, “बांगडो ताजो नाय रे.” तो मासेवालीच्या नावाने तडतडला. अर्धा मासा तिने पानातच ठेवला.

पुढच्या बुधवारपासून मात्र ती सगळं संपवायला लागली. काटे मी काढून देते, ती खाते आणि दर वेळी म्हणते, बरा झाला. मला वाटायला लागलं की चव परत आली असेल. अशी आशा धरणं किती सोईचं होतं माझ्यासाठी.

गेल्या बुधवारी दुकानात गिऱ्हाइकांची गडबड होती, घाईत घरी आले, घाईत तिखलं केलं. सुरेश भाड्यावर गेला होता. आये आणि मयुरी जेवायला बसल्या. आयेने दोन घास खाल्ले आणि माझ्याकडे बघून हसली, वाकड्या झालेल्या ओठाने. म्हणाली, “आज तिखला झकास झाला गो. मीठ कसा बरोबर पडला.”

मयुरीने तोंडातला घास तसाच धरून माझ्याकडे बघितलं. मी बोट लावून चाखलं. मीठ घालायचंच राहिलं होतं.

मयुरी काही बोलणार होती. मी डोळ्यांनी तिला गप्प केलं. आये शांतपणे जेवत होती, चवच न लागणारा मासा, शेवटपर्यंत. तिला वाटत असणार, सुनेने एवढे कष्ट करून कर्ज फेडलं, आपल्यासाठी काटे काढत बसते, तिला कशाला वाईट वाटू द्यायचं? हात धुताना तिने माझं मनगट धरलं. “तुझ्यामुळे हो दिस बघूक गावलो,” म्हणाली.

मी म्हटलं, “व्हय.”

दाखला अजून बॉबिनच्या डब्याखाली आहे. आज बुधवार. बांगडे धुऊन ठेवलेत, तिरफळं ठेचली आहेत, आणि आये बाहेर खळ्यात बसली आहे, चुलीकडे पाठ करून.