नीळ न घातलेला साचा

गल्लीत तिला सगळे वायरबाई म्हणत. कलाकार वगैरे म्हणायची पद्धत गल्लीबाहेर होती. गॅरेजचं शटर वर गेलं की आत वायरींची भेंडोळी, जुने स्पीकर, प्रोजेक्टर आणि मधोमध कमरेवर हात ठेवून उभी असलेली ही बाई दिसे. कोपऱ्यावरचा इलेक्ट्रिशियन तिचा फ्यूज बांधून द्यायचा आणि दर वेळी विचारायचा, "बाई, हे चालू झाल्यावर नेमकं करतं काय?"

"काही करत नाही. नुसतं असतं."

तो समजुतीने मान डोलवायचा. त्याच्या मेव्हण्याचंही तसंच होतं.

नाव मात्र तिचं चांगलं झालं होतं. एका मोठ्या दालनात तिने रिकाम्या खुर्च्या मांडल्या होत्या. माणूस जवळ गेला की त्या खुर्चीतून कुणीतरी नुकतंच उठून गेल्याचा आवाज यायचा. लोक दचकायचे आणि मग गप्प व्हायचे. पुढे तिने दोरीवर वाळत घातलेल्या चादरींवर झोपलेल्या माणसांच्या सावल्या टाकल्या आणि ते काम परदेशांत हिंडून आलं. समीक्षकांनी लिहिलं की या शिल्पकर्तीने वस्तूचा भार नाकारून अनुपस्थितीला आकार दिला. मुलाखतीत कोणी विचारलंच तर ती म्हणे, "दगडमातीचा कंटाळा आला." कंटाळाबिंटाळा काही नव्हता. तिला छिन्नी हातात धरायची भीती वाटत होती. त्या भीतीचं कारण गॅरेजच्या मागच्या फळीवर, फडक्याखाली झाकलेलं होतं. प्लास्टरचा एक पांढरा, बेढब ठोकळा. साधारण बादलीएवढा.

ती शिल्पकलेच्या कॉलेजात होती तेव्हाची गोष्ट. आई एका शिंप्याच्या दुकानासाठी घरी बसून काज-बटणं करायची. मुलीने तिला समोर बसवून मातीत तिचं डोकं घडवलं. आई बसायची, पण हातातलं काम सोडून नाही. "तू माझं तोंड कर, मी माझी बटणं करते," म्हणायची. धाकटा भाऊ तेव्हा अजून शाळेतही जात नव्हता. तो मातीच्या गोळ्या करून भिंतीला मारायचा आणि दोघींचा ओरडा खायचा.

मातीचं काम टिकत नाही, म्हणून त्यावर प्लास्टरचा साचा चढवायचा, मग आतली माती खरवडून काढायची, पोकळीला साबणाचं पाणी लावायचं आणि त्यात नवं प्लास्टर ओतायचं. शेवटी वरचा साचा छिन्नीने फोडून टाकायचा की आतून चेहरा मिळतो. आता साचाही पांढरा आणि चेहराही पांढरा, मग हात कुठे थांबवायचा? त्यासाठी साच्याच्या पहिल्या पातळ थरात कपड्यांना घालायची नीळ कालवतात. फोडता फोडता निळं दिसलं की समजायचं, चेहरा आला, आता हळू. सर पहिल्याच वर्षी हे बजावायचे आणि पोरं चेष्टा करायची, कारण हे न कळायला माणूस अगदीच ठार वेडा असायला हवा.

आई अचानक आजारी पडली. मुलगी हॉस्पिटलातून कॉलेजात आली तर मातीला भेगा पडायला लागलेल्या. तिने घाईघाईत साचा चढवला आणि पुन्हा हॉस्पिटलात पळाली. त्यातून आई उठली नाही. सगळं उरकल्यावर तिने माती काढली, साबण लावला, प्लास्टर ओतलं. मातीने साचा आतून मळकट झाला होता आणि तिचंही चित्त थाऱ्यावर नव्हतं, त्यामुळे आत निळं नाही हे तिला दिसलंच नाही. छिन्नी लावायच्या वेळी सरांनी विचारलं, "नीळ घातलीस ना?" तिने एप्रनच्या खिशात हात घातला. निळीची पुडी तिथेच होती, न फोडलेली.

सर भला माणूस. ते म्हणाले, "अंदाजाने फोड. नाक जाईल, कान जाईल, पण काहीतरी हाती लागेल."

तिला काहीतरी नको होतं. तिने छिन्नी खाली ठेवली ती ठेवलीच. पुढे एका ओळखीच्या डॉक्टरने ठोकळ्याचा स्कॅनही काढून दिला. त्यात आत-बाहेर सगळं सारखंच राखाडी दिसलं. डॉक्टर म्हणाला, "पेशंट एकदम घट्ट आहे."

मातीचं डोकं केव्हाच खरवडून गेलं होतं आणि आईचे फोटो म्हणाल तर नसल्यातच जमा. एकात ती मान वळवून कुणाला तरी हाक मारतेय, दुसरा पाण्यात भिजून फुगलेला. धाकट्याला आईचा चेहरा आठवत नव्हता. गंमत म्हणजे त्याने पुढे चष्म्यांचं दुकान काढलं आणि दिवसभर लोकांचे चेहरे बघण्यात त्याचा जन्म चालला होता. अधूनमधून तो गॅरेजमध्ये यायचा, फडक्याकडे बघायचा आणि विचारायचा, "ताई, मग कधी?"

"बघू," ती म्हणायची. यात दोघांचे केस पांढरे झाले.

मग एका संग्रहालयाने तिच्या आजवरच्या सगळ्या कामांचं प्रदर्शन ठरवलं. त्याची आखणी करणारी तरुणी गॅरेजमध्ये आली, तिने फडकं उचललं, गोष्ट ऐकली आणि तिचे डोळे लकाकले. हा ठोकळा मधल्या दालनात, एकटा, न फोडलेला. प्रदर्शनानंतर संग्रहालय तो कायमचा ठेवून घेणार. वायरबाईंचं बाकीचं काम म्हणजे वीज गेली की संपलं, प्रोजेक्टर जुने झाले की संपलं. मागे राहील असं हे एकच होतं. ती हो म्हणाली आणि तिला खरोखर आनंद झाला. त्यात लपवण्यासारखं काही नाही. टिकावंसं कोणाला वाटत नाही?

संध्याकाळी तिने भावाला दुकानात जाऊन सांगितलं. तो चष्म्याच्या काड्या वाकवत होता.

"न फोडलेला म्हणजे? कायमचा?"

"हो. तेच तर त्याचं..." पुढे कॅटलॉगातला शब्द तिच्या तोंडावर आला होता, पण भावासमोर तो बोलवेना.

"छान झालं," तो म्हणाला. "तुझं नाव राहील." मग त्याने ती काडी पुन्हा वाकवली आणि मोडली. दुकानात इतक्या वर्षांत त्याच्या हातून काडी मोडलेली तिने पाहिली नव्हती.

सकाळी तिने त्या तरुणीला फोन केला. "ठोकळा येणार नाही. मी फोडतेय."

"अहो, पण फोडल्यावर ते एका विद्यार्थिनीने केलेलं साधं डोकं होईल! ते आम्हाला नाही ठेवता येणार."

"माहीत आहे," ती म्हणाली. मग भावाला फोन केला आणि दुकान बंद करून यायला सांगितलं.

पहिल्या घावाला छिन्नी घसरली. भाऊ स्टुलावर बसून होता. दुसऱ्या घावाला एक कपचा निघाला, मग आणखी एक. साबण चांगला लागला होता. साचा आपणहून सुटत गेला. जिथे नीळ नव्हती तिथे कानाने काम केलं. चेहरा जवळ आला की घावाचा आवाज बदलायचा, हे तिला ऐकू येत होतं. आयुष्यभर आवाजांत काम केलं होतं, काही उगाच नाही. जेवायची वेळ टळून गेली एवढंच. ज्याला ती जन्मभर घाबरली ते काम एका दुपारचं होतं. नाक शाबूत, कान शाबूत.

तिने ब्रशने धूळ झटकली आणि मागे सरून बघितलं.

ती आई नव्हती. डोळे मोठे, नाक सरळ, गाल भरलेले. कॉलेजात शिकवतात तसा, कुणाचाही असावा असा चेहरा. आईचे गाल बसलेले होते. एक भुवई वर होती. खालचा ओठ आत ओढलेला असायचा. यातलं काहीही त्या पोरीच्या हाताला पकडता आलं नव्हतं. इतकी वर्षं तिने एक वाईट काम जपून ठेवलं होतं, आणि हे कळणारं जगात आता तिच्याशिवाय कोणी नव्हतं. तिला इतकी शरम वाटली की हातोडी हातातच राहिली.

भावाने चष्मा काढून पुसला, परत घातला, जवळ आला. अंगठ्याने प्लास्टरच्या कपाळावरची उरलेली धूळ काढली.

"ताई, अशी होती?"

कामाच्या बाबतीत वायरबाई कोणाचं मन राखत नसत. विद्यार्थी त्यांच्यापुढे काम ठेवायला घाबरत. वाईटाला त्या वाईट म्हणत, तोंडावर म्हणत.

"हो," ती म्हणाली. "अगदी अशीच."

 तो शर्टाचं वरचं बटण चाचपत म्हणाला, "थांब. मला काहीतरी आठवतंय. ती माझं बटण शर्ट अंगात असतानाच लावायची. आणि दोरा दाताने तोडायला खाली वाकायची. केस इथे, माझ्या हनुवटीला लागायचे. तेलाचा वास यायचा. असं करायची का गं ती?"

हे तिने त्याला कधी सांगितलं नव्हतं. तिला ते माहीतही नव्हतं. आई तिच्या कपड्यांना बटणं लावायची ते तिला मोठेपणीचंच आठवत होतं; तेव्हा ती कपडे काढून द्यायची.

"मला नाही माहीत," ती म्हणाली. "ते तुलाच माहीत."