सहाव्या माळेचा कौल

देवीवर माझा विश्वास होता, शंका होती ती गोळीवर. रोज सकाळी चहा झाला की एक पांढरी गोळी घ्यायची आणि घेताना मनाशी म्हणायचं, बाई गं, तुझी भक्ती कुठंतरी कच्ची आहे म्हणून ही गिळावी लागते. तेव्हा मी साठीला टेकले होते. साठीच्या बाईजवळ जेवढी अक्कल असते असं लोक धरून चालतात, तिच्या निम्मीही माझ्याजवळ नव्हती. पण तोरा मात्र पुरेपूर होता.

आजार मनाचा. रामदासपेठेतल्या डॉक्टरीणबाईंनी सोपं करून सांगितलं होतं, की मन कधी उधळतं आणि कधी बसकण मारतं, आणि दोन्ही वेळा आपल्याला वाटतं की हेच आपलं खरं मन. उधळलं तेव्हा मी एका दुपारी घरातली स्टीलची भांडी गल्लीत वाटून टाकली होती. लोकांनीही आनंदानं नेली, एकीनं तर झाकण राहिलं म्हणून परत येऊन मागितलं. मन बसलं तेव्हा पोळ्यापासून संक्रांतीपर्यंत मला अंथरूण सोडवेना. गोळ्यांनी दोन्ही आवरलं. मी पुन्हा चारचौघींसारखी भांडायला लागले, याचं घरातल्यांना केवढं बरं वाटलं.

मग सुनेला दिवस गेले. तिची आई लवकर गेलेली, नोकरी सोडणं शक्य नाही. "बाळ आईंपाशीच राहणार," असं तिनं सगळ्यांना सांगून टाकलं. मला रडू आलं. भांडी वाटणाऱ्या बाईच्या मांडीवर कोणी आपलं लेकरू देतं का? पण मनात लगेच दुसरा किडा वळवळला. एवढं मोठं काम, आणि मी गोळीच्या टेकूवर उभी. तेव्हा ठरवलं, या नवरात्रात देवीजवळ कायमचं बरं होणं मागायचं. आणि पूर्ण मागायचं तर भरवसाही पूर्ण हवा. इकडे देवीला साकडं घालायचं आणि तिकडे गुपचूप गोळी घ्यायची, हे मला देवीच्या तोंडावर खोटं बोलल्यासारखं वाटलं. घरातल्यांच्या तोंडावर खोटं बोलायला मात्र काहीच वाटलं नाही.

घट बसले त्या दिवसापासून कडक उपास, नुसतं पाणी आणि दूध. गोळी बंद. सून रोज विचारायची, "आई, गोळी झाली न?" मी म्हणायची, "झाली." गोळी मी घटाच्या मातीत गव्हासोबत बोटानं खुपसून देत होते. गहू छान उगवले.

तिसऱ्या माळेला झोप गेली. मला वाटलं, कृपा झाली. अंगात एवढा जोर, की मी सगळे डबे घासले, पडदे धुतले, आमच्या ह्यांना पहाटे उठवून स्तोत्राचा अर्थ समजावला. ते म्हणाले, "अवं, मले चहा तर पिऊ दे, मंग मोक्ष दे." सहाव्या माळेला दिवस उगवताना मी कोणाला न सांगता निघाले. कोराडीच्या देवीला पायी जाणाऱ्यांचे जत्थे रस्त्यानं चालले होते, त्यात मिसळले. चप्पल घरीच होती. दूर वीजकेंद्राच्या चिमण्यांचा धूर दिसला तरी मला वाटलं, माझ्यासाठीच आरती चालली आहे.

दर्शनाच्या रांगेत मी मोठ्यानं बोलायला लागले. बांगड्या काढून वाटल्या. केस सुटले होते, डोळे लाल. एका बाईनं हात जोडले, दुसरीनं कपाळभर कुंकू फासलं, तिसरी म्हणाली, "देवी आली वं अंगात." झालं. बायका पाया पडू लागल्या, विचारू लागल्या आणि मी उत्तरं देऊ लागले. "माय, पोराले नोकरी लागंन का?" लागंन. "माय, जावई दारू सोडंन का?" सोडंन. जन्मभर माझं कोणी ऐकलं नव्हतं, त्या सकाळी अख्खी रांग ऐकत होती. खोटं का बोलू, मला फार मजा आली.

मग खापा गावाकडची एक बाई पुढं आली. सोबत विशीतली मुलगी. बाई माझे पाय धरून म्हणाली, "माय, हे माही पोरगी. हिचं डोकं फिरलं होतं. गोळ्या चालू हायेत, आता बरी हाये. लगन जमून राहिलं हिचं. गोळ्या बंद करू का वं? तू सांगशीन तसं करीन."

उत्तर माझ्या जिभेवर तयार होतं. फेकून दे, माझ्यावर सोड. मी तोंडही उघडलं. आणि बाहेर आलं ते असं, "बंद नको करू. एक दिवस बी नको करू."

आवाज माझाच होता, घसा बसलेला. शब्द कुठून आले ते मला सांगता येत नाही आणि सांगायचा हट्टही नाही. एवढंच माहीत आहे, की ते माझ्या मनात नव्हते. मनात होतं ते अगदी उलटं. बोलून झाल्यावर मी त्या मुलीकडं बघत राहिले. सगळ्यांची नजर माझ्या पायांवर, तिची एकटीची माझ्या डोळ्यांवर.

"काकू," ती म्हणाली, "तुमी कधीच्या झोपल्या नाही?"

"चूप वं," तिची आई दटावली, "देवीसंग असं बोलते का कोणी?"

"देवी नाही वं आई. मी अशीच तर झाली होती."

सकाळपासून सगळ्यांनी मला माय म्हटलं होतं. हिनं काकू म्हटलं आणि मला पायांचे फोड ठणकायला लागले. तिनं मला रांगेतून काढून मांडवाच्या सावलीत बसवलं, पाणी पाजलं. मी सुटून जायला काहीबाही बडबडत होते, देवीला राग येईल म्हणून धमकावतही होते, पण तिनं धरलेला हात सोडला नाही. सुनेचा नंबर माझ्या तोंडून काढून तिनंच फोन लावला.

सून आणि आमचे हे ऑटो करून आले. कुंकवानं माखलेला माझा अवतार बघून हे म्हणाले, "बायकोले शोधाले निघालो, अन् देवी भेटली." म्हणता म्हणता त्यांनी आपल्या चपला काढून माझ्या पायात घातल्या. तिथून थेट रामदासपेठ. डॉक्टरीणबाईंनी गोळ्यांचं विचारलं. मी म्हटलं, "घटात आहेत." त्यांनी विचारलं, "मग घटाला काही फरक पडला का?"

मन जमिनीवर यायला दिवाळी गेली. मी सावरल्यावर एक दिवस सून माझ्यापाशी येऊन बसली. तिला आठवा लागला होता. म्हणाली, "आई, आजार झाला हा तुमचा दोष नाही. मी कधी म्हटलं बी नाही. पण मी विचारत होती अन् तुम्ही 'झाली' म्हणत होत्या, ते आजारानं नाही केलं. ते तुम्ही केलं. आता बाळ तुमच्यापाशी ठेवू का नको, तुम्हीच सांगा."

तिनं नाही म्हटलं असतं तर मी रुसून मोकळी झाले असते. तिनं निर्णय माझ्या पदरात टाकला. रांगेतल्या बायकांना पटापट कौल देणारी मी, स्वतःच्या घरात मुकी. शेवटी बारशाच्या सकाळी म्हटलं, "ठेव. गोळी मी घेईन, तू विचारायची नाही. अन् ज्या दिवशी माझी झोप बिघडंन, त्या दिवशी तुले मीच पयले सांगीन. तवा बाळ उचलायचं अन् पाळणाघरात घेऊन जायचं, मी रडली तरी." असा एक दिवस मधे येऊन गेला. मी सांगितलं. तिनं नेलं. मी रडले. आठवड्यानं तिनं बाळ परत आणून दिलं.

मला वाटायचं, भार देवीवर टाकणं म्हणजे हात रिकामे करून बसणं. आता वाटतं, माझ्या हातानं होण्याजोगं तेवढं माझ्या हाताचं, आणि ते करूनही जे उरतं, ते तिचं. उरतं तेच फार मोठं असतं. त्या मायलेकी मला पुन्हा दिसल्या नाहीत. पोरीचं लग्न झालं असेल, नसेल, तिची गोळी चालू असू दे, एवढं मी दर माळेला मागते.

नात आता शाळेत जाते. परवा मी गोळी हातात घेतली तर म्हणाली, "आजी, हे नाही खाल्ली तर काय होते?"

"तर माझ्या अंगात देवी येते."

तिचे डोळे मोठे झाले. "मंग आज नको खाऊ न. मले पाहाची आहे देवी."

"देवीला फार लोक विचारायला येतात बाई. तिला तुझी वेणी घालायला वेळ नसतो."

तिनं आरशात आपले सुटे केस बघितले, आणि पाण्याचा पेला माझ्यापुढं सरकवला.