साहेबांना दिलेला वस्तरा

बाबा गेल्यावर त्यांच्या पेटीत दोन वस्तरे निघाले. दोन्ही आजोबांचे. एकाची मूठ काळ्या शिंगाची, दुसऱ्याची पांढऱ्या हाडाची. आजोबा नागपूरहून रेल्वेच्या नोकरीवर रायपूरला आले, तेव्हा हे सोबत आणले होते. बाबा पुढे ब्लेडने दाढी करू लागले आणि वस्तरे गंजत पडले. दादा म्हणाला, "तुले पायजे तर ठेव. मले काय कराचं त्या लोखंडाचं?"

छत्तीसगड नुकतंच वेगळं झालं होतं. भोपाळहून रोज नवे साहेब येत होते आणि आमच्या बूढापारा मोहल्ल्यात भाड्याची खोली मिळेनाशी झाली होती. दादा सरकारी नोकरीत. कर्मचाऱ्यांची वाटणी सुरू होती, आणि आपलं नाव मध्यप्रदेशच्या वाट्याला जाईल या धास्तीनं त्याला जेवण जात नव्हतं.

मी गावाबाहेरच्या उरला औद्योगिक वसाहतीत, एका रोलिंग मिलमध्ये फिटर होतो. ड्युटीवरून आलो की अंगावरची काळी धूळ धुऊन मागच्या ओसरीत वस्तरे घेऊन बसायचो. मशीनवर घासले असते तर तासाभरात चमकले असते, पण पातं तापलं की त्याचं पाणी उतरतं, पोलाद मऊ पडतं. म्हणून घासलेटमध्ये भिजवून हातानंच गंज काढला. पांढऱ्या मुठीची खीळ तुटलेली होती, ती पितळेच्या तारेची केली. मग दगडावर धार, शेवटी चामड्याच्या पट्ट्यावर. सुरुवातीला धार लागायचीच नाही, दाढी करताना गालांची नुसती आग व्हायची. हनुवटी दोनतीनदा कापली. आई म्हणायची, "अरे, गळा कापून घेशील एखाद्या दिवशी!"

पण हात बसला. काळ्या मुठीच्या पात्याला एक खोल खड्डा राहिला होता, तो गेला नाही. पांढरा मात्र असा लागला की गालावरून फिरताना कळू नये. दादा बघत असायचा. एका रविवारी म्हणाला, "माही बी करून दे ना." मग दर रविवारी तो ओसरीतल्या खुर्चीत मान मागे टाकून, डोळे मिटून बसायचा आणि मी त्याची दाढी करायचो. बाबा गेल्यावर आम्ही दोघं इतके जवळ कधी बसलो नव्हतो.

एक दिवस पांढरा वस्तरा पेटीत जागेवर नव्हता. मी घर पालथं घातलं. आईही माझ्यासोबत शोधत होती. तिनं गाद्या झटकल्या, गुडघ्यांचं दुखणं विसरून खाटेखाली वाकून पाहिलं. "असंन कुठंतरी, सापडंन," म्हणाली.

काही दिवसांनी दादाचं नाव रायपूरलाच राहिल्याचा आदेश आला. घरी सत्यनारायण घातला. त्याचे साहेब आले. प्रसाद खाता खाता मला म्हणाले, "आपके भाई के हाथ में हुनर है। खानदानी उस्तरा, खुद महीनों बैठकर ठीक किया और हमें दे दिया। मैं तो अब उसी से शेव करता हूँ।"

दादा समोरच होता, हातात शिऱ्याचं पातेलं घेऊन.

"हड्डी की मूठ वाला?" मी विचारलं.

"हाँ, वही। आपने देखा है?"

"देखा है।"

दादा म्हणाला, "सर, थोड़ा और लीजिए।"

पाहुणे गेल्यावर मी त्याला स्वयंपाकघरात गाठलं. त्यानं शिऱ्याचं पातेलं ओट्यावर ठेवलं. मग म्हणाला, "मांगला असता तर तू देल्ला असता का?"

"नसता देल्ला."

"मंग? म्हणूनच नाही मांगला."

"आन् तूच नीट केला, हे काहून सांगितलं?"

उत्तर आईनं दिलं. "त्याले काहून बोलून राहिला? पेटीतून मीच काढून देल्ला. पोट्टा तिकडं गेला असता तर चाललं असतं का तुले?"

"आई, तू माह्यासंगं शोधत होती. खाटेखाली वाकून पाह्यलं तू."

ती गॅसकडे वळली आणि दुधाचं भांडं पुसू लागली. पुसलेलंच होतं ते.

वस्तऱ्यानं काम झालं का, मला आजही माहीत नाही. दादाच्या बरोबरीच्या बहुतेकांना रायपूरच मिळालं, ज्यांनी कुणाला काहीच दिलं नव्हतं त्यांनाही. साहेबांची पुढे दिल्लीला बदली झाली आणि वस्तराही तिकडेच गेला.

मी मिलजवळ वेगळी खोली घेतली. आईला भेटायला जातो, तिची औषधं आणून देतो. त्या दिवसाबद्दल ती बोलत नाही, मीही विचारत नाही. एका दिवाळीला दादा माझ्या खोलीवर आला. त्यानं पिशवीतून मखमली डबी काढली; आत परदेशी, कोरा करकरीत वस्तरा. "त्याच्यापेक्षा भारी आहे," तो म्हणाला. तोंडावर खरंखुरं हसू होतं. आता फिटलं, असं त्याला मनापासून वाटत होतं, आणि मला त्याच्या फसवण्यापेक्षा तेच जास्त लागलं.

मी चहा केला. डबी त्याच्या पिशवीत परत ठेवली. तो गेला तेव्हा दारापर्यंतही गेलो नाही.