देवघरातली वांग्याची कविता

मी त्यांना सर म्हणते, कारण गल्लीतले सगळेच म्हणतात. मूळचे इराकमधल्या बसऱ्याचे. तरुणपणी पुण्याला शिकायला आले, नाशिकच्या मुलीशी लग्न केलं आणि इथलेच होऊन राहिले. बाई वारल्या त्यालाही आता बरीच वर्षं झाली. मुलगी कॅनडात आहे. गंगापूर रोडच्या मागच्या गल्लीत त्यांचं घर, आणि घरामागची खोली आम्हां नवराबायकोला दिलेली. मी स्वयंपाक करते, घर बघते. अशी खोली आणि असा माणूस या शहरात दुसरीकडं मिळायचा नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे. म्हणून भीतीही तेवढीच.

मी सिरोंच्याची, गोदावरी राज्याबाहेर पडते त्या टोकाची. आठवीत शाळा सुटली. आमच्याकडं गोदावरी इतकी रुंद की पलीकडं माणूस आहे की झाड, कळत नाही. इथं आल्यावर ती पहिल्यांदा बघितली तेव्हा वाटलं, ही आजारी आहे की काय. सरांना हे सांगितलं तर हसता हसता त्यांना ठसका लागला. म्हणाले, “आमच्याही गावात नदी संपायला येते, ताई. आपण दोघं शेवटाकडची माणसं.”

सर अरबीत कविता करतात आणि मग ती चित्रासारखी लिहितात. बोरूचं टोक तिरकं तासायचं, काजळीच्या शाईत बुडवायचं आणि श्वास धरून एकच लांब रेघ ओढायची. तेवढ्या वेळात घरात मिक्सर लावायचा नाही, हा एकच नियम. कितीदा तरी चटणी पाट्यावर वाटली मी. अक्षरं अशी उतरायची की कधी नाव वाटायची, कधी उडालेला पक्षी.

पण वाचणार कोण? सगळ्यांना वाटायचं, अरबी म्हणजे देवाचंच काहीतरी. दूधवाला त्यांच्या खोलीच्या दाराशी चपला काढायचा. नळ दुरुस्त करायला आलेले चाचा तर कागदाला हात लावून तो हात डोळ्यांना लावायचे. सर म्हणायचे, “अहो, ही माझी कविता आहे. पावसात अडकलेल्या रिक्षावाल्याची.”

चाचा म्हणायचे, “असू द्या सर. हरूफ, अक्षरं तर तीच ना.”

यंदाच्या दसऱ्याला सर शेजारच्या सुभेदारकाकांकडं आपट्याची पानं द्यायला गेले. मीही फराळाचा डबा घेऊन मागं होते. काका देवळाली कॅम्पातल्या तोफखान्यातनं निवृत्त झालेले, मूळ सायखेड्याचे. एका कानानं कमी ऐकतात, म्हणून सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं बोलतात. त्यांच्या वास्तुशांतीला सरांनी कवितेचं एक मोठं चित्र दिलं होतं. ते आता देवघरात होतं. काचेवर हळदकुंकू, फ्रेमला झेंडूची माळ, खाली उदबत्ती.

काकू म्हणाल्या, “रोज पूजा होते बरं का सर, गणपतीच्या बरोबरीनं.”

सर छान हसले, पानं दिली, साखरभात खाल्ला. घरी आले आणि बूटही न काढता पलंगावर बसून राहिले.

“मला देव केलं त्यांनी, ताई. देवाला कोण वाचतं?”

त्याच आठवड्यात मुलीचा फोन आला. तिचं बरेच दिवस चाललं होतं, इकडे या, इथं आपल्या भाषेची माणसं आहेत, कवितावाचनं होतात. या वेळी सर नाही म्हणाले नाहीत. म्हणाले, “बघ तिकीट.” मी भांडी घासत होते, हातातली कढई तशीच धरून उभी राहिले. खोलीचं काय, हे आधी मनात आलं. मग आलं, हे गेले तर मी बोलायचं कोणाशी.

न राहवून विचारलं, “सर, काकांच्या त्या चित्रात लिहिलंय तरी काय?”

त्यांनी मराठीत सांगितलं. आई गच्चीवर वांगी तळतेय. तेल तडतडतंय, वर विमानं घोंघावतायत. मुलं खाली पळायला निघतात तर आई झाऱ्या उगारून म्हणते, आधी जेवा, मग पळा.

मला हसू आलं. माझी आई पुराच्या वेळी असंच करायची.

“जाण्याआधी काकांना हे सांगून येतो,” सर म्हणाले.

“नका हो सर. वांग्याला उदबत्ती ओवाळली म्हणून चिडतील. आपण दोघंही इथं बाहेरचे.”

पण ते निघाले, आणि मला मागं राहवेना.

काकांनी दोनदा मोठ्यानं सांगायला लावलं. काकूंनी पदर तोंडाला लावला. मी दाराची कडी घट्ट धरून उभी. काका उठले, देवघरापाशी जाऊन चित्रावर वाकले.

“विमानं कुठली होती?”

“कुठली का असेनात. लहान होतो. आवाज तेवढा आठवतो.”

“हं. आवाज नाय जात.” त्यांनी ऐकू न येणारा कान चोळला. मग माळ काढली, काच सदऱ्याच्या टोकानं पुसली आणि एकदम तोंड फिरवून म्हणाले, “पण सर, एक बोलू का? तुमच्या आईचं चुकलंच. वांगं कुठं तळत असतं का? वांगं भाजायचं! तळल्यावर लय तेल पितं ते.”

“अहो, काहीतरीच काय!” काकू ओरडल्या.

सरांचा चेहरा लाल झाला. मला वाटलं, संपलं. “माझी आई आधी मीठ लावून ठेवायची. मग तेल पीत नाही!”

“कवितेत मीठ कुठंय मग?”

“कवितेत सगळं सांगायचं नसतं, सुभेदार!”

“मग वाचणाऱ्याला कळायचं कसं? आमच्या सायखेड्याची वांगी आणतो उद्या. दोन्ही करून बघू. ताई, तुम्ही सांगा कोण खरं ते.”

मी कुठली सांगते! दोघं अंगणापर्यंत भांडत आले. काकूंनी तेवढ्यात चित्र देवघरातून काढून स्वयंपाकघरात, ओट्याच्या वर लावलं. धूर लागेल, मी म्हटलं. “लागू दे की, तिथंच शोभतं ते.”

घरी येऊन सरांनी कॅनडाला फोन लावला. मुलीशी ते अरबीत बोलतात, पण त्या दिवशी मध्येच मराठीत घसरले, कदाचित मला ऐकू जावं म्हणून. “नाही गं, आत्ता नाही. एक माणूस म्हणतो माझ्या कवितेत मीठ कमी आहे. त्याला उत्तर द्यायचंय.”

मग त्यांनी कागद पसरला. मी चटणीचं भांडं मिक्सरवरून उचललं आणि पाटा धुवायला घेतला.