घागरीला लावलेलं कुंकू

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, पोटच्या मुलींनाही नाही. तुम्हाला का सांगतेय — देव जाणे. पण आता पोटात ठेवणं झेपत नाही.

साठ सालानंतरची गोष्ट, पंचायत समितीच्या निवडणुकीची. माहीम गावात आमची पानवेलीची वाडी. नवरा आमच्या मंडळाचा पुढारी, आमच्या उमेदवाराची निशाणी घागर. बायांची मतं आणायचं काम माझ्याकडे आलं. काय मिरवले मी! शिरगावच्या कोळीवाड्यात हळदीकुंकू ठेवायचं आणि त्याच निमित्ताने शिक्का मारायला शिकवायचं. कागदावर निशाण्या काढलेल्या, शिक्क्याऐवजी कुंकवाचं बोट.

कोळीवाड्यात गोड्या पाण्याची विहीर नव्हती. बाया लांबून हंडे वाहायच्या. त्यांचा स्वतःचा माणूस होडीच्या निशाणीवर उभा होता — काशीचा भाऊ. तो आला तर विहीर होणार, एवढंच त्यांना ठाऊक. काशी म्हणजे आमच्या दारी मासळी घेऊन येणारी. माझ्या पहिल्या बाळंतपणात किती जीव लावला होता हो तिने! त्या दिवशी मात्र सगळ्यांदेखत म्हणाली, "वैनी, कुंकू लावून घेऊ, पण मत आमचं होडीलाच हाय." बाया खदाखदा हसल्या. मला मेलं असं झोंबलं ते — चारचौघींत माझं नाक कापल्यासारखं.

मग मी काय केलं? सांगते. 

मी गोड हसले. म्हटलं, होडीलाच द्या ना, कोण नको म्हणतंय? पण हळदीकुंकवाला बसलेल्या बाईला कुणी वगळतं का? मग घागरीला तसंच कसं सोडायचं? अपशकुन नाही का तो? एक शिक्का होडीवर, एक घागरीवर. आणि काशीचं बोट धरून तिच्याकडून तसं करून घेतलं. दोन शिक्के पडले की मत बाद — हे मला पक्कं माहीत होतं. मला कुणी शिकवलं नव्हतं, सांगितलंही नव्हतं. माझंच डोकं.

होडी पडली. थोडक्यात पडली. आमच्याकडे पेढे वाटले. शिरगावच्या बायांनी दोन-दोन शिक्के मारले म्हणून नवरा हसत होता. मीही हसले. कसं हसायला आलं मला?

पुढच्या आठवड्यात काशी आली. टोपली डोक्यावरच. "वैनी, आदमी आमाला शिव्या देतात. बायांनी घात केला बोलतात. तू शिकवलं तसंच केलं गो आमी. बरोबर होतं ना?"

तेव्हा तरी खरं बोलायचं होतं ना? मी म्हटलं, "मी एकच शिक्का सांगितला होता, काशे. तुम्हीच गोंधळलात."

तिने विश्वास ठेवला. "आमी अडाणी, वैनी," म्हणाली आणि मला पापलेट निवडून दिलं. मी घेतलं.

त्या वेळी विहीर झालीच नाही. पुढच्या निवडणुकीला मी मतदानाला बोलवायला गेले, तर काशी दारातूनच म्हणाली, "आमाला नाय जमत ते. आदमी जातील." कोळीवाड्यातली एकही बाई आली नाही. काशी मरेपर्यंत कधी मत द्यायला गेली नाही. मी दर वेळी गेले.